मोनिस या नावाचा अर्थ

माझे अब्बा चामोर्शीच्या बाजारात छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायचे. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायची. गिऱ्हाइकाने काही विचारलं की मान खाली घालायची. शाळेतही तसंच. बाई प्रश्न विचारायच्या आणि माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. चौथीनंतर मी गेलेच नाही.

लग्न ठरलं तेव्हा अब्बांनी मला एक नाव दिलं. "पोरगा झाला की मोनिस ठेवजो," म्हणाले. नाव अरबी आहे. उन्स म्हणजे लळा, त्यातून ते निघालं. एकटेपणा घालवणारा सोबती, असा त्याचा अर्थ. फार जुन्या काळी अरबस्तानात गुरुवारालाही मोनिस म्हणत, असं एका मौलानांनी अब्बांना सांगितलं होतं.

"तू कोणाशी बोलत नाईस," अब्बा म्हणाले. "तो बोलन तुह्यासंग."

ब्रह्मपुरीला सासरी आल्यावर मी ते नाव नवऱ्याला सांगितलं. त्याने घरभर केलं. अर्थ मात्र मी त्यालाही सांगितला नाही. सांगायचा तर मी इथे एकटी आहे, हेही सांगावं लागलं असतं.

मला दोन मुली झाल्या. दुसरीच्या वेळी गर्भाची पिशवी काढावी लागली. पुढे धाकट्या जावेला मुलगा झाला. सातव्या दिवशी अकीका होता. न्हाव्याने बाळाचं जावळ काढलं आणि सासूबाई जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "नाव तर घरात तयारच हाय. मोनिस."

"अम्मी, ते माह्या अब्बानं..."

"मंग? तुह्यी पिशवी तर दवाखान्यात राह्यली. आता त्या नावाचं लोणचं घालशीन काय?"

बायका हसल्या. जाऊही हसली. नणंदेने बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाहुण्या अर्थ विचारत होत्या, म्हणून तिने मला विचारलं.

"मले नाई माहीत," मी म्हणाले.

"चौथी पास बाई. तिले काय विचारता?" सासूबाई म्हणाल्या.

रात्री नवरा म्हणाला, "नावच तर हाय." नाव त्यांनी घेतलं होतं, अर्थ माझ्याजवळ होता. त्यात मला सुख वाटायचं, खोटं कशाला लिहू?

पण ते पोरगं चालायला लागलं तसं माझ्याकडेच येऊ लागलं. मी बांगड्यांवर खडे चिकटवत बसले की समोर बसून बोलायचं. कोणी कोणाची पेन्सिल लपवली, कोणाला मुंगळा चावला, सगळं. मी नुसतं हूं म्हणायची. माझ्या मुलीही माझ्याशी इतकं बोलत नाहीत. त्याची शाळा सुटायची वेळ झाली की माझं लक्ष दाराकडे असायचं.

गेल्या महिन्यात शाळेतून नावाचा अर्थ लिहून आणायला सांगितला. जावेने मोबाइलवर शोधला आणि सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई तशाच माझ्याकडे आल्या.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"पाहा. लेकराच्या नावाचा अर्थ दाबून बसली होती. हिच्या मनात अजून काय काय असन."

माझी नजर लागते, असं जावेने ठरवलं. मुलाला माझ्याकडे यायला बंदी केली. त्याने थपडा खाल्ल्या तरी तो येतच राहिला. मग एका दुपारी तो माझ्याजवळ बसलेला असताना ती दारात उभी राहिली.

"भाभी, तुम्हीच सांगा त्याले. आमचं आयकत नाई."

मी त्याला म्हणाले, "आता इथी येत नको जाऊ."

"काऊन, बडी अम्मी?"

जाऊ हलली नाही. मला कारण द्यावं लागलं.

"तुह्यी बडबड आयकून माह्यं डोकं दुखते."

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला आणि पुन्हा पेन्सिलीचं काहीतरी सांगू लागला. मग मी तेच पुन्हा म्हणाले, मोठ्याने. इतक्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

आता तो अंगणातून जाताना माझ्याकडे पाहत नाही. जाऊ शेजारणीला सांगत होती, पोरगा मोठा समजदार आहे.