नट ढिला, नट टाइट

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी कूलरच्या टाकीत पाणी सोडत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठे गेले?" ... आणि विचारता विचारताच माझं मला कळलं, कारण मधुभाऊ गेली दोन वर्षं आमच्या घराशिवाय एकटे कुठे जातच नव्हते. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. पाइप तसाच राहिला, पाणी अंगणभर झालं. सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आमच्या मालिकेचा शेवटचा भाग पाहायचा राहिला. आदल्या संध्याकाळी ते माझ्या दारात उभे राहून बजावून गेले होते, "उद्या शेवटचा हाये मास्तर. माह्याशिवाय लावू नको बरं." मी म्हणालो, "नाही लावत बाप्पा, जा आता." भाग तर राहिलाच. पण मी त्यांना एकदा रागाच्या भरात एक वाक्य बोललो होतो, तेही परत घ्यायचं राहिलं. आणि ते परत घेण्यासारखं आहे हे मला कळलं, ते त्यांना जाऊन बारा दिवस झाल्यावर.

मधुभाऊ आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचे. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळं आयुष्य फिटर म्हणून काढलं. मी शाळेत मराठी शिकवायचो. त्यामुळे ते मला मास्तर म्हणायचे आणि तीन वर्षांनी मोठे असल्याने अरे-तुरे करायचे. माझी बायको गेली, मुलगा बंगलोरला, आणि मधुभाऊंची बायको तर त्याही आधी गेलेली. ते लेकीकडे, म्हणजे प्रज्ञाकडे राहायचे. ती दिवसभर ऑफिसात. मग दोन रिकामे म्हातारे काय करणार? दुपारी चार वाजता ते यायचे, मी चहा टाकायचो आणि आम्ही टीव्ही लावायचो. मुलानं पाठवलेला मोठा टीव्ही, त्यात जगातले सगळे सिनेमे आणि सगळ्या मालिका. आम्हाला त्यातलं काही कळत होतं असं नाही. कोण दिग्दर्शक, कोणाला बक्षीस मिळालं, आपल्याला काय करायचं? लावायचं, पाहायचं, आणि संपल्यावर बिनधास्त नावं ठेवायची.

'नट' हा शब्द मात्र मी दिला त्यांना. एकदा मी सहज बोलून गेलो, "हा नट काही बरा नाही." मधुभाऊ दचकलेच. "नट? कायचा नट?" मी सांगितलं, की सिनेमात काम करणाऱ्या माणसाला मराठीत नट म्हणतात. ते इतके हसले, इतके हसले, की कपातला चहा बशीत आला. "म्हंजे माही जिंदगी नट कसण्यात गेली अन् तुही नट शिकवण्यात!" तेव्हापासून आमच्या घरात परीक्षणाची एकच पद्धत पडली. नट टाइट हाये, नट ढिला हाये, आणि फारच आरडाओरडा करणारा असला तर, "अरे, याची तं चुडीच गेली!" चुडी म्हणजे नटाच्या आतले आटे. ते झिजले की कितीही फिरवा, नट नुसता गरगरत राहतो. दक्षिणेकडचा एखादा मोठ्ठा सिनेमा हिंदीत आलेला असायचा, हिरो एका बुक्कीत भिंत पाडायचा, वर पाच मिनिटं छाती ठोकून ओरडायचा. मधुभाऊ शांतपणे म्हणायचे, "चुडी गेली. पुढचं लाव."

त्यांची मतं अशी ठाम आणि वेगळीच असायची. कौटुंबिक सिनेमा असला की म्हणायचे, "या घरात सैपाक होते म्हणते, पण भांड्याचा आवाज नाही बाप्पा एकही." रोजच्या मालिकेतली बाई रडायला लागली, की, "हे खरं नाही. खरं रडणारी मधात श्वास घेते." मधात म्हणजे मध्ये मध्ये. युद्धाच्या सिनेमाचा त्यांना भारी राग. का, तर म्हणे माणूस मरायच्या आधीच बाजा वाजवून सांगून टाकतात. आणि एका साध्याशा सिनेमातला, दोन प्रसंगांपुरता आलेला टपालवाला त्यांना इतका आवडला होता, की महिनाभर त्याचंच नाव. "चिठ्ठी देताना त्याचा आवाज खाली आला, पाह्यलं का? नट टाइट!" मला तो टपालवाला धड आठवतही नव्हता. मी आपला दर वेळी म्हणायचो, "तुमचं लक्ष कुठं असते मधुभाऊ, कोण जाणे."

तर बारावा दिवस. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, चार लोक चांगलं बोलले, जेवणं सुरू झाली. प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, तुम्ही होते म्हणून बाबाचे दिवस गेले. दिसत नसताना माणसानं दिवसभर करायचं काय?" मी म्हणालो, "काय दिसत नसताना?" "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" ती म्हणाली, आणि तिनं सांगितलं. काचबिंदू होता. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच पूर्ण गेला होता, उजव्याला नुसता उजेड-अंधार कळायचा. चार घरांचं अंतर ते कुंपणाच्या भिंतीला हात लावत यायचे. काठी गुडघ्यासाठी आहे, काळा चष्मा उन्हासाठी आहे, असं मला सांगितलेलं. आणि मी ते ऐकून घेतलं! दोन वर्षं, रोज दोन-अडीच तास, मी त्या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. त्याला काय आवडतं, काय नाही, हे मला मुखपाठ होतं. त्याला टीव्ही दिसत नाही, एवढंच माहीत नव्हतं.

ताट तसंच ठेवून उठलो. घरी आलो आणि एकेक गोष्ट अंगावर यायला लागली. एप्रिलच्या उन्हात ते म्हणायचे, "कूलर बंद कर गा, काही ऐकू नाही येत." मी घामाघूम होऊन चडफडायचो. परदेशी मालिका लावली, की, "हिंदीत लाव, वाचत बसायले मी तुह्या शाळेत आलो का?" आणि हल्लीच्या त्या पोलिसांच्या मालिका... सगळ्या काळोखात का काढतात देव जाणे, ठाण्यात दिवा नाही, घरात दिवा नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "मधुभाऊ, काहीच दिसून नाही राहिलं!" ते म्हणाले, "मलेही नाही दिसून राहिलं, मास्तर." आम्ही दोघंही हसलो होतो त्यावर. मी मालिकेला हसलो होतो. ते कशाला हसले असतील?

मला एक खोड आहे. मी पाहता पाहता बोलतो. "आता पाहा, ती खिडकीपाशी गेली... हातात कागद आहे... आता हा मागून येतो." माझी बायको यावरून आयुष्यभर कावली. यंदा होळीला मुलगा आला होता, सगळे मिळून सिनेमा पाहत होतो, तर तो म्हणाला, "बाबा, आम्हाला दिसतंय. प्लीज गप्प बसा ना." नातीनं तर हसत कानात बोटं घातली. बोलला त्यात वावगं काही नव्हतं, पण मला लागलं. मुलाकडचे परत गेल्यावर मी ठरवलं, आता तोंड उघडायचंच नाही. दुसऱ्या दिवशी मधुभाऊ आले. एक कोरियन मालिका चालू होती, हिंदी आवाज दिलेली. पोरगी हरवते, बाप तिला शोधतो, एक इन्स्पेक्टर तपास करतो. मी घट्ट ओठ मिटून बसलो. दहा मिनिटांनी मधुभाऊ म्हणाले, "आज बोलून काहून नाही राहिला गा?"  थोड्या वेळानं परत, "कोण आलं आता?" आणि मी मुलावरचा सगळा राग काढून खेकसलो, "डोळे नाहीत का तुमाले? पाहा ना!"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हायेत ना बाप्पा. दोन हायेत."

हेच ते वाक्य. उठता-बसता आपण पोरांना म्हणतो, भाजीवाल्याला म्हणतो, डोळे नाहीत का. शाळेत मी हजार वेळा म्हटलं असेल. पण त्या दिवशी ते मी कोणाला म्हणत होतो! आणि तेवढ्यावर थांबलो नाही. भाग संपल्यावर मधुभाऊ म्हणाले, "बाप अन् इन्स्पेक्टर एकच माणूस निघाला की. पक्का बदमाश हाये." बाप बुटका टकला, इन्स्पेक्टर उंच तरणाबांड. मी खो खो हसत सुटलो. पुढे आठ दिवस बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्यांना तो किस्सा रंगवून सांगितला, माझ्या घरी आलेल्यांना तर मधुभाऊंसमोरच सांगितला. "मधुभाऊंना सगळे कोरियन एकसारखेच दिसतात!" ते नुसते म्हणाले, "दिसते खरं." परवा मी तो भाग परत लावला. डोळे मिटून ऐकला. बापाचा आणि इन्स्पेक्टरचा हिंदी आवाज एकाच माणसानं दिला आहे. मी गप्प बसलो होतो, सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ते नुसत्या आवाजावर गेले, आणि ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं.

माझं मौन दोन दिवसही टिकलं नाही म्हणा. तिसऱ्या दिवशी जीभ सुटली, आणि मधुभाऊ खुर्चीत रेलून म्हणाले, "हां, आता मजा येऊन राहिली." बाराव्यानंतर एकदा मी प्रज्ञाला विचारलं, मला का नाही सांगितलं? निदान मी नीट सांगितलं असतं, एकेक गोष्ट समजावून... ती म्हणाली, "त्यासाठीच नाही सांगितलं काका. बाबा म्हणत, मास्तरले कळलं तं तो मले शिकवाले बसन. आत्ता तो त्याच्याच नादात बोलते, ते गोड लागते. त्याले बी कोणीतरी ऐकणारं पाह्यजे." हे ऐकून मला राग आला आधी. खरंच आला. एवढं सगळं मनात ठेवून हा माणूस रोज माझा चहा पीत होता! मग घरी आल्यावर मी रडलो. मधात श्वास घेत.

प्रज्ञानं मला त्यांचा पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, दिला. हातभर लांब, पिवळ्या मुठीचा, मूठ एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालेली. कारखान्यात पेचकसाचं टोक चालत्या मशिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आत कुठे काय ढिलं झालंय ते कळतं, असं ते सांगायचे. मला शिकवायचाही प्रयत्न केला होता एकदा, आमच्या कूलरच्या मोटारीवर. मी मूठ कानाला लावली. "काय ऐकू आलं?" "आवाज." "कायचा?" "मोटारचा." त्यांनी कपाळावर हात मारला. "मास्तर, तुले नुसतं बोलता येते."

पाच आठवडे मी टीव्ही लावला नाही. चार वाजले की चहा मात्र दोन कप व्हायचा, हाताला सवय. शेजारी कोणी नाही, बोलायला कोणी नाही. एकट्यानं बोललो तर गल्लीतले म्हणतील मास्तरला लागलं काहीतरी. परवा तो जुना भाग ऐकला, आणि काल त्याच कोरियन मालिकेचा शेवटचा भाग लावला. त्यांच्याशिवाय लावू नको म्हणाले होते, म्हणून त्यांची खुर्ची होती तिथेच ठेवली आणि आधी उठून कूलर बंद केला. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, मोठ्यानं, काही गाळलं नाही. "भाऊ, बाप स्टेशनात आला. हातात पोरीची चप्पल आहे... आता खाली बसला. आता रडून राहिला. डोळ्यांत पाणी आहे, भाऊ, चांगलं खरंखुरं पाणी दिसून राहिलं." मग भाग संपला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मी थांबलो, मत ऐकायला. पाणी मला दिसलं होतं. पण तो बाप खरा रडला की नाही, नट टाइट होता की ढिला, ते मला काही केल्या कळेना. तो प्रसंग मी पुन्हा लावला, पेचकसाचं टोक टीव्हीच्या पाठीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आवाज आला. कायचा, ते मला सांगता आलं नाही.