माडवाडी, झीरो रिझल्ट

नमिता मढवीला तिच्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये कुणी मढवी म्हणत नाही. कुरिअरवाला, पोस्टमन, खालचा वॉचमन, सगळे तिला माधवी मॅडम म्हणतात. मढवी इंग्रजीत लिहिलं की लोक ते माधवीच वाचतात, त्याला ती तरी काय करणार. पहिले दोन महिने तिनं सगळ्यांना समजावलं. मग सोडून दिलं. पण तेव्हाच तिनं एक गोष्ट मनात बांधून ठेवली: आपलं नाव इंग्रजीत जाऊन परत आलं की ते आपलंच असेल याची गॅरंटी नाही.

बेलापूरला वैजयंती मॅडमचं वकिलीचं ऑफिस आहे, तिथं नमिता सात वर्षं झाली लायब्ररी बघते. आधी भिंतभर कपाटं होती. आता सगळी पुस्तकं कॉम्प्युटरात गेली. देशभरच्या कोर्टांचे निकाल साठवलेली एक सिस्टीम आहे, ऑफिस तिचं मेंबर आहे, आणि त्या ढिगातून नेमका निकाल काढायचा हे नमिताचं काम. ऐकायला सोपं. ज्युनिअर वकील पोरं त्यात टाइप करतात ते मावशीला पत्र लिहावं तसं. 'भाडेकरूने गच्चीवर पापड वाळवले तर मालक काय करू शकतो.' सिस्टीम आठ हजार निकाल पुढ्यात ओतते. मग पोरं तोंड पाडून नमिताच्या टेबलाशी येतात. ती दोन शब्द जोडीनं अवतरणात घालते, तिसऱ्याचं शेपूट कापून तिथं चांदणी लावते, म्हणजे त्या शब्दाची सगळी पिल्लं येतात. नको असलेल्या शब्दाला दाराबाहेर ठेवते, सालं बांधून देते. आठ हजारांचे अकरा उरतात आणि पोरांना पाहिजे तो त्यातला चौथा असतो.

वर तिला एक खोड आहे. सिस्टीमवाल्यांचा महिन्याला एक मेल येतो, नवीन काय भरलं, कुठलं बटन कुठं हलवलं. तो मेल उभ्या नवी मुंबईत कुणी उघडत नसेल. नमिता उघडते, आणि चहाबरोबर चवीनं वाचते, जशी तिची आई मालतीबाई पेपरातल्या निधनवार्ता वाचते. मग कामाचं तेवढं वहीत उतरवते.

गावाला हे सगळं ठाऊक झालं ते कुंदनमुळं. कुंदन तिचा थोरला भाऊ. नववीपर्यंत शिकला, पण न्हावा शेव्याच्या यार्डात त्याच्या दोन गाड्या चालतात आणि भलेभले एजंट त्याला उठून खुर्ची देतात. कुंदन थापा मारतो असं काही लोक म्हणतात. ते खोटं आहे. तो फक्त उद्याची गोष्ट आज सांगतो.

तर त्या शुक्रवारी देवळात गावाची मीटिंग बसली. गाव बोनकोड्याच्या पल्याडचं, लहानसं, चहूबाजूंनी टॉवर उठलेत. मधे उरलीय ती माडवाडी. माड दोनच शिल्लक, पण गावाची होळी अजून तिथंच लागते. शहराच्या नव्या नकाशात तिच्यावर शेजारच्या टॉवरवाल्यांचं पार्किंग दाखवलेलं. गावानं हरकत घेतली होती, गावाच्या वकील वैजयंती मॅडमच, आणि सुनावणी सोमवारी.

पंढरीकाका उठले. वय ऐंशीच्या पुढं, आवाज अजून खाडीपार जाईल असा.

"ही केस आमी एकाहत्तर साली हायकोर्टान जिंकलेली हाय. मी सोता साक्ष दिलती खालच्या कोर्टान."

"कागद कुठाय, काका?"

"कागद सव्वीस जुलैच्या पान्यान गेला."

तेवढ्यात कुंदन उभा राहिला. "कागदाचं टेन्शन नाय घ्यायचं. आमची नमी कॉम्प्युटरातून पाच मिन्टान काढंल."

नमिता मागं बायकांत बसली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मालतीबाई हळूच म्हणाली, "काढशील ना गो?" नमिता हसली. देवळात बसून नाही कसं म्हणणार.

शनिवारी सकाळी ती ऑफिसात बसली. शेजारी जयप्रकाश, तिथला जुना क्लार्क, नाशिकचा, मराठी अशी बोलतो जशी इस्त्री करून आणलीय. नमिता नवीन होती तेव्हा एकदा बोलून गेली होती, "काल आमी खारीवर गेलेलो." हा म्हणाला, "खारी? चहात बुडवून खाल्ली की तशीच?" गावच्या बोलीत ड चा र होतो, खाडीची खारी होते, गाडीची गारी होते. त्या दिवसापासून नमिता ऑफिसात प्रत्येक ड जपून टाकते, जसं नवीन माणूस गिअर टाकतो.

तिनं माडवाडी टाइप केलं. सिस्टीमला महिन्यापूर्वी नवीन अपडेट आलेलं, ती आता स्पेलिंग स्वतःच सुधारते आणि स्वतःला फार शहाणी समजते. माड म्हणजे एम, ए, डी. सिस्टीमनं पुढचं सोडलं आणि मॅड तेवढं धरलं. वेड्या माणसानं केलेलं मृत्युपत्र. वेड लागल्यावरून घटस्फोट. वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीचा वाद.

जयप्रकाश वाकून म्हणाला, "गावाबद्दल बरीच माहिती आहे की यात."

"तुमचं नाव टाकून बघू का?" नमितानं विचारलं. तो आपल्या जागेवर गेला.

तिनं अवतरणं लावून सिस्टीमचं शहाणपण बंद केलं. माडवाडी, एक ए, दोन ए, व्ही घालून, डब्ल्यू घालून, मधे जागा सोडून, जोडून. झीरो. झीरो. झीरो. सहा स्पेलिंगं झाली, पाच मिनिटांचे चार तास झाले.

जयप्रकाश आता खरंच चांगल्या मनानं म्हणाला, "नाहीच आहे, नमिता. म्हाताऱ्या माणसांना वाटतं कधीकधी आपण जिंकलो होतो असं."

ते तिला लागलं. कारण काकांनी उभ्या आयुष्यात कुणाचा एक नारळ खोटेपणानं घेतला नव्हता. आणि मागच्याच महिन्याच्या मेलात तिनं वाचलं होतं: साठ ते पंच्याहत्तर सालचे, कुठं न छापलेले निकाल स्कॅन करून भरले. म्हणजे निकाल असला तर आत होता. फक्त हाक मारली तर ओ देत नव्हता. मॅडमना विचारून तिनं ऑफिसचा लॅपटॉप घरी नेला.

रविवारी पंढरीकाका ओटीवर पाग शिवत बसले होते. पाग म्हणजे फेकायचं जाळं. नमिता लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. कुंदन मागं उभा, हातात घड्याळ असल्यासारखा.

"काका, कोर्टात तुम्हाला काय विचारलेलं?"

"विचारलन, जागा कोनाची."

"मग तुम्ही काय सांगितलंत? जसं बोललात तसंच सांगा."

काकांनी सुई थांबवली. "मी बोल्लू, सायेब, ही मारवारी आमची हाय. आज्याचे पासून मारवारीन आमची होली लागतंय."

नमिता हा शब्द जन्मल्यापासून ऐकत होती. माडवाडीला घरात दुसरं काही म्हणतच नाहीत. पण आज पहिल्यांदा तिनं तो कोर्टातल्या त्या टायपिस्टच्या कानानं ऐकला, जो कुठून तरी लांबून आलेला, ज्याला आपली बोली माहीत नाही. त्यानं काय लिहिलं असेल? तिला एकदम हसू फुटलं.

"काय झालं?" कुंदन म्हणाला.

"दादा, त्यांनी आपली वाडी मारवाडी माणसाची करून टाकली."

तिनं मारवारी टाइप केलं, इंग्रजीत मारवाडी माणूसही तसाच लिहितात. एकोणीसशे निकाल. दुकानं, पेढ्या, वाटण्या, लग्नं. कुंदनचा चेहरा पडला. नमितानं मात्र पदर खोचला. सालं बांधली, सत्तर ते बाहत्तर. ठाणे जिल्ह्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग घातलं, शेवटी ई ऐवजी ए असलेलं, कारण तेव्हाचे लोक तसंच लिहायचे. मग नारळीचं झाड, त्याचं शेपूट कापून चांदणी, आणि अट घातली की मारवारीपासून दहा शब्दांच्या आत ते झाड पाहिजे.

तीन निकाल आले. दुसऱ्यात काका होते. पंधरी असं छापलेलं, पण बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर. जागा गावाच्या वहिवाटीची, होळीची, कुणी हटवू नये, असं साफ लिहिलेलं. आणि शेवटच्या पानावर जज्जसाहेबांची एक ओळ. नमितानं ती मराठीत करून वाचून दाखवली: "या जागेशी कोणाही मारवाडी गृहस्थाचा कधी संबंध आल्याचे दिसत नाही, तरी गावकरी तिला या नावाने का संबोधतात, हे न्यायालयास समजू शकले नाही."

मालतीबाई दारातून म्हणाली, "मंग विचाराचं नाय का माझ्या बाबांनू. सांगितलं असतं."

कुंदन तोवर गल्लीत पोचला होता. पाच मिनिटांत काढलं, असं त्यानं सातव्या घरी सांगितलं तेव्हा त्याची तीन झाली होती.

इथं गोष्ट संपली असती. पण कुंदन हा फक्त बोलणारा माणूस नाही, करणारा आहे. काका मोठ्या साहेबासमोर बोलणार म्हणून त्यानं रविवारची अख्खी दुपार त्यांना शुद्ध बोलायला शिकवलं. काकांना दाढी करायला लावली, पांढरा शर्ट दिला, आणि एकच शब्द घोटून घेतला. नमिताला याचा पत्ता नव्हता.

सोमवारी सुनावणीच्या खोलीत मॅडमनी हरकती ऐकणाऱ्या साहेबांपुढं निकाल ठेवला. टॉवरच्या सोसायटीचे वकील उठले. "साहेब, हा निकाल मारवारी नावाच्या जागेचा आहे. गाव ज्यावर हक्क सांगतंय ती माडवाडी. दोन जागा वेगळ्या."

मॅडम म्हणाल्या, "एकच आहे, साहेब. गावच्या बोलीत ड चा र होतो. साक्षीदार इथं हजर आहे."

साहेबांनी काकांकडे बघितलं. "आजोबा, त्या जागेला तुम्ही काय म्हणता?"

काका सरळ उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला. आणि एकेक अक्षर वेगळं पाडून म्हणाले, "मा. ड. वा. डी." मग मागं वळून कुंदनकडे बघितलं, किती मार्क पडले म्हणून.

कुंदननं मान डोलावली.

"बघा," वकील म्हणाले. "यांचा ड तर माझ्यापेक्षा चांगला आहे."

नमिताला तिथं बोलायची परवानगी नव्हती. तिनं कुंदनकडे असं बघितलं की तो भिंतीवरचा नकाशा वाचायला लागला. मग सिस्टीम रुसली की ती जे करते तेच तिनं केलं. पाहिजे तो शब्द सरळ मागून मिळत नसेल, तर त्याच्या शेजारचा मागायचा. मॅडमच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "नाव नका विचारू. विचारा, तिथली झाडं कशी पडली."

मॅडमनी विचारलं.

काकांचा चेहराच बदलला. हा विषय जिव्हाळ्याचा. "काय सांगू बाय. आठ मार व्हते. दोन मार वादलान परले. चार मार त्या रस्त्यावाल्यांनी..."

"कुणी कुणाला मारलं?" सोसायटीचे वकील मधेच म्हणाले. "साहेब, मारामारीची तक्रार या प्रकरणात नाही."

काका भडकले. दुपारभराचा अभ्यास पांढऱ्या शर्टातून घामाबरोबर गेला. "अवो, मार. नारलाचा मार. झार, झार. मारवारीन मार नाय रवनार तं काय तुमची गारी रवनार? यवरा शिकलाव नि मार म्हायती नाय तुमाला?"

खोलीत आधी शिपाई हसला. मग साहेबांनी फाईल तोंडासमोर धरली. फाईल थोडा वेळ हलत राहिली.

"समजलं," ते फाईलमागून म्हणाले. "माड तो मार, वाडी ती वारी. पन्नास वर्षांपूर्वी एका साहेबांना समजलं नव्हतं, मला समजलं." मग त्यांनी टायपिस्टला सांगितलं, एकाहत्तरचा निकाल याच जागेचा, पार्किंग इथून काढावं, होळीची जागा होती तशी राहील.

टायपिस्टनं विचारलं, "साहेब, स्पेलिंग कुठलं टाकू?"

साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी नमिताकडे.

"दोन्ही टाका," नमिता म्हणाली. "ड चं पन, र चं पन. उद्या कोनी शोधायला बसलं तर त्याला माझ्यासारखं वेड्यांचे खटले वाचायला नकोत."

ण चा न झाला होता, तिनं तो सुधारला नाही. फायली सांभाळत मागं बसलेला जयप्रकाश बाहेर आल्यावर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "या रविवारी मला खारीवर न्याल का?"

"येताना बटर पन आना," नमिता म्हणाली.

गावात संध्याकाळी कुंदननं सगळ्यांना सांगितलं की काकांची तयारी त्यानं करून घेतली होती म्हणूनच ते जिंकले. काकांनी त्याला दुजोरा दिला. वर म्हणाले, "लय करक मास्तर हाय." मालतीबाईनं दोघांना एकाच ताटातली भाकरी दिली आणि नमिताला वेगळी, तांदळाची, तव्यावरची पहिली.

आठ दिवसांनी त्या आदेशाची प्रत ऑफिसला आली. नमितानं तपासली. माडवाडी होती, मारवारी होती, काकांचं नावही बरोबर. फक्त शेवटी, निकाल ज्यांनी शोधून सादर केला त्यांचं नाव होतं, तिथं सुबक अक्षरात छापलं होतं: नमिता माधवी.

तिनं पेन उचलला. मग ठेवला. वहीत तिनं एवढंच लिहिलं: माझं काही शोधायचं असेल तर माधवी पण टाकून बघा.