यमुनाआत्याचं नाव आणि माझा नंबर

२००३ च्या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी नाशिकच्या भांडी बाजारात मला लॉटरीच लागली... म्हणजे मला तरी तसं वाटलं.

तिथले मोडवाले रफिकभाई माझ्यासाठी जुन्या यंत्रांचे तुकडे बाजूला काढून ठेवायचे. त्या दिवशी पितळेच्या मोडीतून त्यांनी एक गोल चकती काढून दिली. बघतो तर काय, फोनोग्राफचा रिप्रोड्यूसर! फोनोग्राफ म्हणजे ग्रामोफोनच्या आधीचं यंत्र; त्यात तबकडीऐवजी फिरणाऱ्या मेणाच्या सिलिंडरवर सुई टेकवून आवाज काढतो तो हा भाग. माझ्या घरच्या फोनोग्राफला नेमका तोच नव्हता. सहा वर्षं ते यंत्र मुकं पडून होतं.

आता आम्हा नंबरवेड्यांची खोड अशी, की वस्तू हातात आली की आधी नंबर शोधायचा. नंबरावरून साल काढता येतं. सायबर कॅफेतून प्रिंट काढलेली नंबरांची यादी मी पोथीसारखी जपायचो. चकतीवरचे पहिले तीन आकडे स्पष्ट होते... आणि पुढच्या आकड्यांवर कुणीतरी नाव घातलेलं! लग्नातल्या भांड्यांवर घालतात ना, टिंबाटिंबांचं, तसं. 'चि. कुसुम हिस यमुनाआत्याकडून.'

अशी तिडीक गेली डोक्यात! अरे, हा काय तांब्या आहे?

मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होतो. नंबर ठोकलेला, म्हणजे खोल. नाव वरवरचं. पॉलिश पेपर घेतला आणि अर्ध्या तासात 'यमुनाआत्याकडून' साफ केलं. खालचे आकडे वर आले... विसाव्या शतकाची अगदी सुरुवात! रिप्रोड्यूसर बसवला, चावी दिली आणि यंत्र चक्क गायला लागलं. बायको पोळ्या सोडून ऐकायला आली.

आठ दिवसांनी रफिकभाईंचा फोन. सिन्नरहून एक बाई आल्या होत्या. सासूबाईंची चकती चुकून मोडीत गेली, त्या धड जेवतही नाहीत म्हणाल्या.

मी पत्ता घेतला, चकती पिशवीत टाकली आणि गेलो. खरं सांगतो, परत द्यायला नव्हतो गेलो... चार गोड शब्द बोलून ती कायमची मागून घ्यायची, असा बेत होता.

कुसुमताई ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. लग्नात आत्याने भांड्यांऐवजी आपला फोनोग्राफच दिला होता. तो कधीच मोडला, पण चकती ताईंनी देव्हाऱ्यात ठेवली होती. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोट फिरवलं... परत फिरवलं.

"आत्या कुठं गेली?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेवटी सांगून टाकलं, मीच घासली म्हणून. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या आणि चकती मुठीत धरून बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं हो!

दोन दिवसांसाठी द्या म्हणून हात जोडले. सुनेने त्यांची समजूत घातली आणि मी चकती घेऊन थेट भांडी बाजारात, नावं घालणाऱ्याकडे गेलो.

तो म्हणाला, "साहेब, इथं नंबर हाय. त्याच्यावरच घालू का?"

"त्याच्यावरच घाल," म्हटलं. तो टकटक करत होता तेव्हा मी पाठ फिरवून उभा राहिलो. इतकी वर्षं जुन्या वस्तूला ओरखडा काढणाऱ्यांना मी शिव्या घालत आलो होतो.

बुधवारी पुन्हा सिन्नर. कुसुमताईंनी बोट फिरवलं, 'यमुना'पाशी थांबल्या आणि खुदकन हसल्या.

"जरा वाकडी बसलीय आत्या... पण आली बाई!"

माझा फोनोग्राफ पुन्हा मुका झाला. हळहळ वाटते, खोटं कशाला बोलू... पण माझ्यासारख्याला त्या माउलीने दुसऱ्यांदा दारातून आत घेतलं, हे उपकार मी विसरलेलो नाही.