मुकुटाचं इन्स्पेक्शन

देवीच्या मुकुटासाठी आणलेलं सोनं सगळ्या चाचण्यांत पास झालं, म्हणूनच ते देवीला मिळालं नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. अठरा वर्षं लोकांचा माल नापास करतोय. (पगार त्याचाच मिळतो.) माझे वडील, नाना, रिटायर झाल्यापासून संत तुकाराम नगरच्या आमच्या गॅलरीत बसून कुलदेवीचं चित्र रंगवत होते. मुकुट तेवढा राहिला होता. आणि काचबिंदूमुळे नानांची नजर झपाट्याने चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, "काय बघायचंय ते बघून घ्या."

नाना मला म्हणाले, "मुकुटाला खरा सोन्याचा वर्ख आण. एकदा चमकलेला बघतो, मग दिसलं न्हाई तरी चालतंय."

मी पुण्याहून खऱ्या वर्खाची पाच पानं आणली. तुलनेला स्वस्तातला पितळी वर्खही आणला. दोन्ही सारखेच पिवळे! दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायला मी काय खरेदी खात्यात आहे?

पहिलं पान मिठाच्या पाण्यात घातलं. पितळ हिरवं पडलं, सोनं तसंच! दुसरं पुठ्ठ्याला चिकटवून, वर चिकटपट्टी लावून ओढलं. तिसरं तव्यावर टाकलं.

"अहो, मला पोळ्या करायच्यात!" बायको ओरडली.

"थांब गं, पास होतंय!"

चौथं लिंबाच्या रसात बुडवलं. पाचवं अंगठ्याने शंभर वेळा घासलं. (कंपनीच्या तपासणी फॉर्मवर चाचण्यांचे पाच रकाने असतात. एकही रिकामा सोडता येत नाही.)

"नाना, सोनं अस्सल आहे!"

"मग दे की इकडं."

मी पुडी उघडली. आत नुसते कागद!

"सगळंच तपासलंस व्हय रे?"

"सगळंच."

नानांनी ब्रश पुसून डब्यात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानातला माल संपला होता. नवा वर्ख यायला दीड महिना लागला. तोवर नानांच्या डोळ्यांपुढे नुसतं धुकं उरलं होतं. तरी वर्ख त्यांनीच लावला, मुकुटाची कड बोटांनी चाचपत. मी फक्त मनगट धरलं होतं.

"काय इन्स्पेक्टरसाहेब," नानांनी विचारलं, "चमकायलंय का?"

"चमकतंय, नाना. ओके!"

अठरा वर्षांत न तपासता ओके दिलेला हा माझा एकमेव माल. तपासणार तरी कसा? डोळे असे भरून आले होते की इन्स्पेक्टरलाच काही दिसत नव्हतं!