आबांचं ‘टर्न अप’

आमच्या घरात शिरलेला पहिला इंग्रजी शब्द म्हणजे ‘टर्न अप’. तो पुस्तकातून आला नाही, धरणावरून आला. माझे वडील, म्हणजे आबा, मुळशीच्या धरणावर मुकादम होते. सकाळी मजुरांची हजेरी ते घ्यायचे. एखादा आला नसेल तर साहेब विचारायचा, “डिडन्ट टर्न अप?” आणि आबा छाती काढून सांगायचे, “नो सर, डिडन्ट टर्नप.” इंग्रजी त्यांना एवढंच येत होतं, पण तेवढं रोज लागत होतं.

संध्याकाळी हा शब्द त्यांच्याबरोबर घरी यायचा. म्हैस रानातून परतली नाही की आबा म्हणायचे, “म्हस अजून टर्नप न्हाई.” एसटी चुकली, पाहुणा आला नाही, पाऊस लांबला, सगळ्याला एकच शब्द. आई त्यांची टर उडवायची. त्यांना जेवायला उशीर झाला की चुलीपुढून हाक यायची, “टर्नप व्हा आता, भाकर गार झाली.” आबा रागवायचे नाहीत. आपल्या घरात साहेबाची भाषा बोलली जाते याचा त्यांना आतून आनंदच होता.

पुढे मी इंग्रजीची शिक्षिका झाले आणि असल्या जोडशब्दांना पोरांचा जीव खाताना पाहिलं. ‘टर्न’ म्हणजे वळणे, ‘अप’ म्हणजे वर; मग दोन्ही मिळून ‘हजर होणे’ कसं होतं, असं दर वर्षी कुणीतरी विचारायचं, आणि ते पोर खुळं नसायचं. मी स्वतः ते पुण्याच्या ग्रंथालयात मोठ्या कोशात शोधलं होतं. जुना अर्थ मातीचा आहे. नांगरानं नाहीतर कुदळीनं खालची माती वर येते, त्याला इंग्रज शेतकरी ‘टर्न अप’ म्हणायचा. माती उलटली की खालचं काहीबाही हाती लागतं, म्हणून सापडण्याला तोच शब्द आला. पत्त्यांत पान उताणं केलं की तोच. बाही दुमडली, विजारीची घडी वर केली, कंदिलाची वात मोठी केली, सगळीकडे तोच. आणि याच वाटेनं केव्हातरी माणसं स्वतःच ‘वर येऊ’ लागली, न बोलावता, न सांगता, दारात हजर. आपणही फार दिवसांनी आलेल्याला विचारतोच की, “आज कुठं उगवलास?” पोरांना एवढं सांगितलं की ती वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत चुकायची.

मला मात्र तो शब्द शिकवताना दर वेळी एक आषाढ आठवायचा. तो मी वर्गात कधी सांगितला नाही.

आमच्या वाडीत भाताची कामं इर्जिकीनं व्हायची. इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलं त्याच्या खाचरात साऱ्या वाडीनं आपापली औतं घेऊन जायचं. मजुरी नाही. घरधन्यानं दुपारी जेवण घालायचं आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसून जेवायचं, एवढाच मोबदला. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. चिखलात गाणी चालत, एकमेकांच्या बैलांची चेष्टा चाले. बोलावणं घरोघर जाऊन द्यावं लागे, आणि बोलावल्यावर न जाणं हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

आबांच्या आलं. मुकादमी लागल्यावर त्यांना वाटायला लागलं की चिखलात उतरणं आता शोभत नाही. इर्जिकीचं बोलावणं आलं की ते आमचे बैल आणि एक गडी धाडून द्यायचे. काम झालं म्हणजे झालं, माणूस कोण होता याला काय महत्त्व, असं त्यांचं गणित. हजेरी घेणाऱ्या माणसाचं ते गणित होतं. वाडी काही बोलली नाही. आमच्या वाडीत लोक रागावले की बोलत नसत, हेही आबा तिथलेच असून विसरले होते.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग ऐन आषाढात, ओढ्याच्या शेवाळलेल्या दगडावरून आबांचा पाय घसरला आणि नडगी मोडली. पौडच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि खाटेवरून हलायचं नाही म्हणून बजावलं. पगार हजेरीवर होता, तो थांबला. गडी त्याच उन्हाळ्यात मुंबईला निघून गेला होता. रोप वाफ्यात गुडघ्याला लागत होतं. आणखी आठवडा गेला असता तर ते जून होऊन लावायच्या लायकीचं राहिलं नसतं. वर्षभराचा भात त्या खाचरांत होता आणि चिखलणी करायला घरात पुरुष नव्हता.

आई म्हणाली, “मी इर्जिक सांगून येते.”

“जाऊ नगंस,” आबा म्हणाले. “कोन येनार न्हाई.”

“न येऊ द्या. पर मी जानार.”

ती डोक्यावर इरलं घेऊन पावसात घरोघर फिरली. मी तिच्याबरोबर होते. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी हो म्हटलं नाही. “बघू,” म्हणत होते. आई परत आली ती थेट गोठ्यात गेली आणि आमचा एकुलता एक बोकड सोडून बाहेर आणला. लोक येतील असं धरूनच स्वयंपाक करायचा, असं तिनं ठरवलं होतं. मला तिचा तेव्हा फार अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आबांनी पडवीतली खाट वाटेकडे तोंड करून घ्यायला लावली. बराच वेळ वाटेवर पावसाशिवाय काही नव्हतं. मग घुंगरं वाजली. पुढे आबांचे थोरले चुलते, वाडीतले सगळ्यांत वयस्क, आणि त्यांच्यामागून सात-आठ औतं. आबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे डोळे भरले होते ते मला दिसलं.

काम झकास झालं. पुरुषांनी चिखलणी केली, बायकांनी मागोमाग रोप लावलं. पण गाणं नव्हतं. बैलांना हाकारे देण्यापलीकडे कुणी तोंड उघडलं नाही. दुपार कलली तेव्हा आमची सगळी खाचरं हिरवी झाली होती. घरात रश्श्याचा वास भरला होता, पत्रावळी मांडून झाल्या होत्या. लोकांनी ओढ्यावर हातपाय धुतले, बैल सोडले, आणि वाडीची वाट धरली.

आई डोक्यावर पदर घेत वाटेत जाऊन उभी राहिली. “मामंजी, जेवून जावा. पानं मांडल्याती.”

चुलते थांबले. आवाज चढवला नाही. “सूनबाई, तुज्या हातच्या अन्नाला नावं ठेवत न्हाई. पर तुजा नवरा किती सालं आमच्या पंगतीला आला न्हाई. गडी धाडत हुता. गडी राबायचा अन् जायचा. आज आमी बी गडीच. रान पडून ऱ्हाऊ नये म्हनून आलो.”

“त्यांचं चुकलं, मामंजी. पर पोरीच्या तोंडाकडं बघा.”

“पोरीला भात हुईल की वर्साचा,” ते म्हणाले आणि तिला वळसा घालून गेले. बाकीचे त्यांच्यामागून गेले. बायकांतली एक आईच्या हाताला हात लावून गेली, तेवढंच.

पडवीतून हे सगळं ऐकू येत होतं. आबांनी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही. उरलेलं मटण आम्ही मायलेकींनी दोन दिवस खाल्लं, थोडं टाकलं, आणि मला आजही मटण तितकंसं आवडत नाही. भात मात्र त्या वर्षी चांगला झाला, आणि तो जेवताना दर घासाला आबांना काय वाटत असेल, हे मला कळण्याइतकी मी मोठी होते.

पुढच्या आषाढात पहिली इर्जिक थोरल्या चुलत्यांकडे होती. आम्हांला बोलावणं आलं नाही. आबांनी धरणावर खाडा केला, बैल सोडले आणि मला म्हणाले, “चल.” पाय वाकडा जुळला होता, औतामागं चिखलात चालणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. बैल त्यांनी एका पुतण्याच्या हाती दिले आणि स्वतः रोपाच्या वाफ्यात, बायकांच्या रांगेत, लंगडा पाय लांब करून बसले. रोप उपटायचं आणि मुठी बांधायच्या. हे काम आमच्याकडे पुरुष करत नाहीत. आबांची एक चुलतवहिनी म्हणाली, “भावजी, लुगडं देऊ का नेसाया?” सगळ्या हसल्या. आबाही हसले, आणि मुठी बांधत राहिले. दुपारपर्यंत ते एकदाही उठले नाहीत.

जेवणाची हाक झाली. पुरुष पंगतीला बसले. आबा बांधावरच थांबले. मी पाण्याची कळशी घेऊन उभी होते, मला कुठं बघावं ते कळेना. चुलत्यांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि आपल्या शेजारच्या माणसाला कोपरानं सरकवलं.

“ए, हितं ये.”

आबा लंगडत गेले, बसले. चुलत्यांनी वाढप्याच्या हातातून टोपलं घेतलं आणि स्वतः त्यांच्या पानात भात वाढला.

“काका, गेल्या साली—” आबांनी सुरुवात केली.

“जेव आधी. भात गार हुतोय.”

आबा खाली मान घालून जेवायला लागले. पाणी वाढायला मी जवळ गेले तेव्हा त्यांनी पान चाटूनपुसून रिकामं केलेलं होतं आणि ते भात मागत होते. पुन्हा मागितला, आणि पुन्हा. आमच्या घरी आईकडे त्यांनी कधी तोंडानं काही मागितल्याचं मला आठवत नाही.