सुट्या भिंतींचे मामा

तोंडाचा आ वासून बघत राहावं असा माणूस आयुष्यात एखादाच भेटतो. माझ्या नशिबी तो बायकोचा मामा म्हणून आला. कोल्हापुरातले हे आर्किटेक्ट घरं बांधायचे नाहीत, उचगावच्या शेडमध्ये तयार करायचे. भिंती, छप्पर सगळं काँक्रीटचं सुटं ओतायचं, ट्रकनं न्यायचं आणि प्लॉटवर बोल्टांनी जोडायचं. शिवाय हे चित्रकार. भिंत शेडबाहेर पडण्याआधी तिच्यावर मोर, म्हैस, मनात येईल ते रंगवायचे, तेही मालकाला न विचारता. गडहिंग्लजचे एक मास्तर चार दिवस लेकीकडे नेसरीला जाऊन आले, तर गवताच्या जागी घर उभं आणि दाराशेजारी ही भली मोठी म्हैस! "पावणं, माझा प्लॉट कुठं गेला वो?" असं ते मामांनाच विचारत होते.

कुणाच्याही घरी गेले की मामा आधी भिंतीवर टकटक करणार. एकदा आम्ही दुखवट्याला गेलो होतो. बायका रडताहेत, मी मान खाली घालून बसलोय, आणि मामा मोठ्यांदा म्हणाले, "ही भिंत पोकळ हाय की!" धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

एवढ्या लोकांना घरं दिली, पण मामी मात्र तीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत. शेवटी एकदाच्या त्यांच्या घराच्या भिंती ओतून झाल्या. वास्तुशांतीला आम्ही आहेर घेऊन पोचलो, तर प्लॉटवर नुसतं जोतं! त्यावर मामी पूजेचं ताट घेऊन बसलेल्या, शेजारी गुरुजी घड्याळ बघताहेत.

"आपल्या मिस्त्रीचं घर पडलं पावसात, पन्हाळ्याखाली," मामा म्हणाले. "पोरंबाळं देवळात झोपत्यात. आपलं घर काल तिथं जोडून आलो."

"मामींना विचारलंत?" मी ओरडलोच.

"विचारलं असतं तर न्हाय म्हणाली असती की."

मामी उठल्या. आता त्या भांडणार, आणि भांडायलाच हवं होतं.

"पूजेबिगर त्यास्नी आत घातलंसा व्हय?" त्या म्हणाल्या. "चला गुरुजी, मुहूर्त टळंल."

माझ्या गाडीत मागच्या सीटवर मामी तोंडाला पदर लावून मिस्त्रीच्या दारापर्यंत सगळा रस्ता रडत होत्या. जन्मात कुणाची माफी न मागितलेले मामा शेजारी कलश दोन्ही हातांनी धरून, पाणी सांडू नये म्हणून श्वास रोखून बसले होते.

दुसऱ्या भिंती ओतायच्या राहिल्या आणि मामा गेले. मामी अजून त्या दोन खोल्यांतच आहेत, आणि मला मामांशी अजून भांडायचंय.