लातूर जिल्हा यादीत नाही

अब्बांचं मुरुडच्या बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, एक स्टूल आणि डोक्यावर पत्रा. सातवी शिकलेला माणूस. पण आखातात कामाला गेलेल्या मामूनं एका वर्षी त्यांच्या नावानं परदेशातलं घड्याळजींचं मासिक सुरू करून दिलं आणि अब्बांना त्याचं वेडच लागलं. चित्रं त्यांना कळायची. मजकूर मी वाचून दाखवायचे. तेव्हा मी दहावीत होते. घरात आम्ही दखनी बोलायचो, त्यामुळे शाळेतल्या तुटपुंज्या इंग्रजीचं दखनी करता करता माझी दमछाक व्हायची.

दुसऱ्या वर्षापासून वर्गणीचं बिल थेट आमच्याकडे येऊ लागलं. ते टपाल बोटीनं यायचं. 'तीस दिवसांत पैसे भरा' असं बजावणारं बिल हातात पडायचं तेव्हा ते तिथून निघून अडीच महिने झालेले असायचे. पाठोपाठ दम देणारं पत्र. अब्बा एस.टी.नं लातूरला जाऊन बँकेतून ड्राफ्ट काढायचे आणि तो पोचायच्या आत अंक बंद झालेला असायचा.

त्यातच आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबादपासून लातूर वेगळा झाला. पाऊस दगा देऊन बसला होता, विहिरींनी तळ गाठला होता, आणि टँकरच्या रांगेत बाया म्हणायच्या, नवा जिल्हा तरी पाणी आणील. आमची चिंता वेगळीच. मासिकावर जुन्या जिल्ह्याचं नाव, म्हणून अंक वाट चुकायचे, काही परत जायचे. मी नवा पत्ता लिहून कळवला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. परदेशी तिकिटं बघायची पोस्टमनकाकांना हौस, म्हणून तेही सायकल टेकवून थांबले. मी वाचत गेले आणि माझा आवाज उतरत गेला. त्यांच्या यादीत लातूर नावाचा जिल्हाच नव्हता. असा पत्ता ग्राह्य धरता येत नाही, एखाद्या मोठ्या शहरातला पत्ता द्या, नाहीतर वर्गणी रद्द.

"चाचा," पोस्टमनकाका म्हणाले, "हैदराबादला तुमचे पाव्हणे हायेत न्हवं? त्यांचा पत्ता देऊन टाका. कशाला डोकं पिकवून राहिलात?"

"ऱ्हातो मी मुरुडला आन् पत्ता हैदराबादचा? का म्हून?"

अब्बांनी माझ्या हातातून पाकीट घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ तपासावं तसं ते तपासलं. पुढच्या बाजूला टाईप केलेलं होतं: मुरुड, जिल्हा लातूर. मागे आमच्या टपाल कचेरीचा गोल शिक्का.

"बेटा, हे पत्र कुठं आलं?"

"इथं."

"मग हा जिल्हाच न्हाई म्हणणारे ते कोण?"

पोस्टमनकाका खो खो हसले. अब्बा हसले नाहीत. त्यांनी शिक्क्याची बाजू वर करून पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"लिही," ते म्हणाले. "जो जिल्हा न्हाई म्हणता, त्याच जिल्ह्यात तुमचं पत्र पोचलं. पाकीट परत पाठवतो, शिक्का बघा. पत्ता बदलणार न्हाई. यादी तुम्ही बदला."

मी शेवटी 'कृपया' घातलं. शाळेत तसंच शिकवलं होतं. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाले, "मी विनंती करून राहिलो का? काढ तो."

मी अख्खं पत्र नव्यानं लिहिलं. खरं सांगते, सकाळपर्यंत मला वाटत होतं की अब्बा उगाच हट्ट करताहेत, मोठ्या लोकांशी कशाला भांडावं. ते पत्र पुन्हा लिहिताना माझं अक्षर आपोआप ठळक झालं. पाकीट आत घालून आम्ही ते रजिस्टर केलं.

बाजारात थट्टा झाली. कुणी विचारायचं, "काय चाचा, आला का तुमचा जिल्हा नकाशात?" अब्बा मान वर न करता काम करत राहायचे.

उन्हाळा सरत आला तेव्हा काका सायकलवर एक जाडजूड गठ्ठा बांधून आले. राहिलेले सगळे अंक होते. वर दोन ओळींची चिठ्ठी: यादी दुरुस्त केली आहे, तसदीबद्दल दिलगीर आहोत.

त्याच वेळी टँकरचा हॉर्न वाजला. अम्मी घागर घेऊन मला हाका मारू लागली. अब्बा ओरडले, "आज मी जातो पाण्याला. ती वाचून ठेवील." आणि बाजारातला तो मानी माणूस बायांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मी पहिला अंक उघडला. पहिलाच लेख सेलवर चालणाऱ्या, चावी न लागणाऱ्या घड्याळांवर होता. अब्बा घागर घेऊन परतल्यावर मी त्यांना तो वाचून दाखवला. ते पाट माझ्याजवळ ओढत म्हणाले, "सावकाश वाच. हे शिकावं लागंल."